आत कोण वाचतंय?

देवस्थळीबाईंबरोबर मंडईत जायचं म्हणजे संध्याकाळ गेलीच म्हणून समजायचं. लोणावळ्याची मंडई तेव्हा केवढीशी! पण बाई मिरच्यांच्या ढिगापाशी थांबायच्या आणि एका बाजूनं हिरवी, दुसऱ्या बाजूनं लाल अशी एखादी मिरची शोधून काढायच्या. चष्मा कपाळावर ढकलून ती मिरची डोळ्यांशी धरायच्या आणि म्हणायच्या, "उषा, हे बघ. इकडं अजून जुनंच पान चाललंय आणि इकडं नवं उघडलं. आत कोण वाचतंय, सांग बघू?" भाजीवाली वैतागून म्हणायची, "घ्यायची असंल तर घ्या, बाई, मागं लोकं खोळंबल्यात." बाई तेवढी एकच मिरची घ्यायच्या आणि बाकीची भाजी विसरून घरी जायच्या.

साठचं दशक सरत आलं होतं. आम्ही दोघी लोणावळ्याच्या एका मुलींच्या शाळेत होतो. मी भूगोल शिकवत असे, बाई शास्त्र. मी नवखी, त्या माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. आधी त्या मुंबईत एका प्रयोगशाळेत होत्या. कर्करोगाच्या गाठींचे पातळ काप काचेवर चढवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून थोड्या दिवसांसाठी त्या लोणावळ्याला आल्या, आणि वडील कितीतरी वर्षं अंथरुणावर राहिले. बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्यावर गावानं काय काय ठरवून ठेवलं होतं ते बाईंना ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असूनही त्यात त्यांना कुतूहल वाटण्याजोगं काही सापडलं नसावं.

'आत कोण वाचतंय' हे त्यांचं पालुपद होतं. केस पिकलेला माणूस दिसला की तेच, वडाला पारंबी फुटली की तेच. एकदा मी न राहवून विचारलं, "बाई, हे वाचणं म्हणजे नक्की काय?" त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला.

"श्रावणात घरोघरी पोथी लावतात ना, तसं समज," बाई म्हणाल्या. "आपल्या अंगात कोट्यवधी घरं आहेत. पेशी म्हणतो आपण त्यांना. प्रत्येक घरात तीच पोथी, अक्षर न् अक्षर तीच. पण अख्खी पोथी कुठल्याच घरात वाचली जात नाही. कातडीच्या घरी कातडीचे अध्याय, यकृताच्या घरी यकृताचे. बाकीचे रुमालात बांधलेले. आणि मूळ पोथी देव्हाऱ्यातून हलवायची नाही. हवं तेवढं पान उतरवून घ्यायचं आणि ती नक्कल कामाच्या जागी पाठवायची."

"मग कुठला अध्याय लावायचा हे कोण ठरवतं?"

"तेच तर!" बाईंनी टेबलावर हात आपटला. "कुणीतरी राखणदार आहेत. हे पान उघड, ते मिटव, असं सांगणारे. कुणी पानावर हात ठेवून बसतं, कुणी तो हात उचलतं. आणि कर्करोगात हा राखणदारच बिघडतो. वाढीचा अध्याय लागतो आणि 'आता पुरे' म्हणायला कुणी उरत नाही."

मुंबईचा एक जुना सहकारी त्यांना शोधपत्रिकांचे शिळे अंक पाठवत असे. अंक आला की बाई शिक्षकांच्या खोलीत शेंगा फोडत तो वाचायच्या आणि टरफलं पत्रिकेतच ठेवायच्या. एक दिवस त्या ताडकन उभ्या राहिल्या. "अहो, ऐका! यकृताच्या गाठीत पोटातल्या बाळाचं प्रथिन सापडलंय. पन्नाशीचा माणूस, आणि त्याच्या यकृतात जन्माआधीचा अध्याय चाललाय! जन्मल्यावर मिटला होता की तो. मग उघडला कुणी?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "देवस्थळीबाई, पाचवी ब ओरडतेय. ती आधी कुणीतरी मिटवा." बाई खडू घेऊन गेल्या, पण त्या तासाला पाचवी बला गर्भातल्या यकृताबद्दल ऐकावं लागलं असणार याची मला खात्री आहे.

मटणाच्या दुकानाचा किस्सा तर गावभर झाला. देवस्थळ्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मास पाळून खात. त्या घरची ही लेक एका सकाळी हुसेनभाईच्या दुकानापुढं रांगेत उभी राहिली आणि तिनं बकऱ्याच्या गळ्यातली गाठ, म्हणजे थायरॉइडची ग्रंथी, मागितली. हुसेनभाई म्हणाला, "बाई, ह्या गाठीला कुत्रं बी तोंड लावत नाय." बाई म्हणाल्या, "कुत्र्याला नकोय, बेडकाच्या पिल्लांना हवीये." हुसेनभाईनं पुढं काही विचारलं नाही. त्यानं ती केळीच्या पानात बांधून दिली आणि पुढं पावसाळाभर न मागता देत राहिला.

वर्गात काचेच्या दोन बरण्या ठेवल्या होत्या. दोन्हींत सारखेच शेपटीवाले बेडूकमासे. एका बरणीत नुसतं शेवाळ, दुसरीत शेवाळ आणि त्या गाठीचा बारीक चुरा. चुरा खाल्लेल्यांच्या शेपट्या भराभर आटल्या, पाय फुटले आणि माशीएवढाले बेडूक तयार झाले. शेवाळावरचे अजून शेपटी हलवत पोहतच होते. मुली बरणीला नाकं लावून बसल्या. बाई म्हणाल्या, "बेडूक व्हायचा अध्याय त्यांच्याजवळ पहिल्यापासून होता. आपण फक्त 'वाच' म्हणून सांगावा धाडला." दुसऱ्या दिवशी झाकण कुणीतरी नीट लावलं नाही आणि ते माशीएवढे बेडूक मुख्याध्यापिकांच्या टेबलावर निघाले. बाईंना बोलणी बसली. लेकीचे हे प्रताप ऐकून अंथरुणातले म्हातारे वडील अर्ध्या चेहऱ्यानं खूप हसले, असं बाईंनीच मला सांगितलं.

त्यांची आणखी एक खोड होती. ठाऊक नसलं की त्या सरळ 'माहीत नाही' म्हणत. एकदा शिक्षणखात्याचे तपासनीस वर्गात मागं बसलेले असताना एका मुलीनं विचारलं, "बाई, माझ्या आत्याला कॅन्सर का झाला?" बाई म्हणाल्या, "माहीत नाही गं." नंतर तपासनीस त्यांना म्हणाले, "शिक्षकानं वर्गात असं म्हणू नये. मुलींचा विश्वास उडतो." बाईंचे डोळे एकदम चमकले. त्यांनी मोठ्या आशेनं विचारलं, "का? तुम्हाला माहीत आहे?" तपासनिसांनी चहा मागवला. बाईंनी टोमणा मारला असं सगळ्यांना वाटलं, पण टोमणा मारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

दर भाद्रपदात बाई मुलींना लोहगडवाडीला न्यायच्या. मळवली स्टेशनला उतरायचं, भाजे गावावरून चढायचं, वाटेत नेचे, शेवाळं, डबक्यातली बेडकाची पिल्लं गोळा करायची आणि वाडीत ठकूबाईच्या पडवीत भाकरी खायची. ठकूबाई विधवा, भाताची दोन-तीन खाचरं आणि सुंदरा नावाची एक मुलगी. अंगानं काटक, आवाज खणखणीत. मला तर वाटतं, बाई मुलींपेक्षा ठकूबाईसाठीच वर जात. कारण साऱ्या मावळात बाईंच्या तोडीस तोड प्रश्न विचारणारं तेवढं एकच माणूस होतं.

"बाई, बेडकाची शेपटी गळून पडती का आटती?"

"आटते. आतल्या आतच खाल्ली जाते."

"अगं बया! सोताच सोताला खातंय व्हय? आन् मग त्याला कळतं कसं, किती खायाचं नि कुटं थांबायचं?"

बाई माझ्याकडं बघायच्या. भूगोलवालीला जे सुचत नाही ते हिला सुचतं, असं त्या नजरेत असायचं. पोथीची गोष्ट तर ठकूबाईला पहिल्या झटक्यात कळली होती. वाडीच्या देवळात धोंडीबाबा दर श्रावणात पोथी वाचायचा आणि ठकूबाईनं एक दिवस चुकवला नव्हता.

त्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा ठकूबाई आमच्याबरोबर जेवली, पण ठेच्याला हात लावला नाही. भाकरी दुधात कुस्करून एकाच बाजूनं चावत होती. बाई म्हणाल्या, "ठकूबाई, तोंड उघडा बघू." तिला उजेडाकडं वळवून बाईंनी गाल बोटानं ओढून धरला. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आणि मधोमध लाल, उचललेली गाठ. वाडीतल्या सगळ्या बायकांसारखी ठकूबाईही रोज सकाळी तंबाखू भाजून केलेली मिसरी लावायची आणि उरलेली तिथंच, त्या गालात दाबून धरायची. या वेळी बाईंचं पालुपद आलं नाही.

मग त्यांनी स्पष्ट सांगितलं. "हा कॅन्सर असू शकतो. मुंबईला चला. माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. काढून टाकायला हवं, आणि लवकर."

"डागदरचं लोखंड लागलं की त्ये पेटतंय म्हनत्यात, बाई."

"लोखंडानं पेटत नाही. लोक फार उशिरा जातात, तेव्हा ते आधीच पेटलेलं असतं." आणि बाईंनी तिला पुन्हा पोथी सांगितली. या गालातल्या एका घरात चुकीचा अध्याय लागलाय. राखणदार गेलाय. ते घर वाढतंय, तसलीच आणखी घरं उभी करतंय, आणि थांब म्हणायला कुणी नाही.

"व्हय, कळलं मला," ठकूबाई म्हणाली. सुंदरा तिच्या मागं उभी राहून सगळं ऐकत होती. "कापनी हुंद्या. मग काय त्ये करू."

उतरताना बाई म्हणाल्या, "कळलं हो तिला." त्यानंतर दर रविवारी त्या वर जायच्या, कापणी राहू दे म्हणून भांडायच्या आणि ठकूबाई दर खेपेला तेच सांगायची, "आमचं ठरलंया, बाई. तुमी घोर करू नका." मुंबईच्या डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. कापणी झाली, मळणी झाली, आणि एका रविवारी बाई मला घेऊन तिला न्यायलाच वर गेल्या.

घराला कडी होती. देवळाकडून आवाज येत होता. तिथं आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या, अख्खी वाडी बसलेली आणि समोर धोंडीबाबा पोथी वाचत होता. ठकूबाई अगदी पुढं बसली होती. डोक्यावरचा पदर एका बाजूनं मागं सारलेला, आणि दुखरा गाल धोंडीबाबाच्या तोंडासमोर धरलेला. गाल आता बाहेरूनही सुजलेला दिसत होता.

सुंदरा लगबगीनं आमच्याजवळ आली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "बाई, पारायन मांडलंया! आतली पोथी चुकतीया, तर मग भाईर बरोबर वाचायची. आयकून आयकून आतला वाचनारा बी सुधरंल. सगळ्यास्नी पटलं. कापनी हुस्तवर मान्सं मोकळी नव्हती, न्हाईतर तवाच मांडलं असतं."

बाई तिथंच सारवलेल्या जमिनीवर खाली बसल्या. त्यांचीच उपमा वाडीनं घेतली होती आणि प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेली होती. एका अर्थी त्यांच्या वर्गात इतक्या नीट कुणी कधी ऐकलं नसेल. मी कानात म्हटलं, "बाई, इथल्या देवीनंच मुंबईला जायला सांगितलंय असं सांगून टाका. लगेच निघतील." त्यांनी मान हलवली. "फसवून नेलं तर दवाखान्याच्या दारातून परत येईल. आणि परत आली तर तिचं काय चुकलं?"

अध्याय संपला. धोंडीबाबानं पोथीला हात जोडले. बाई उभ्या राहिल्या.

"माझं चुकलं. मी पोथी म्हणाले ते समजावं म्हणून म्हणाले. आतल्या त्या घराला कान नाहीत. बाहेर कितीही चांगलं वाचलं तरी तिथं ऐकू जात नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

ठकूबाईनं पदर सारखा केला. बोलताना तिला आता त्रास होत होता. "मंग लोखंडानं तरी त्यो अध्याय मिटतुया का?"

"मिटत नाही. मिटवायचं कसं ते अजून कुणालाच जमलेलं नाही. ती बिघडलेली घरंच काढून टाकायची, भोवतीची थोडी चांगली घरंसुद्धा. एखादं राहिलं तर पुन्हा सुरू होईल."

"आन् ऱ्हानार न्हाई कशावरनं?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले. आता ही कसली येते, असं मला वाटलं. बायकांमध्ये कुजबुज झाली. ठकूबाई मात्र बाईंकडं बघत राहिली, बेडकाच्या शेपटीचं विचारताना बघायची तशीच. "जो तो मला सांगतुया बरी हुशील, बरी हुशील," ती म्हणाली. "आन् तोंडाकडं कुनी बघत न्हाई. चला, बाई. कवा निगायचं?"

"पारायन मधीच सोडायचं?" कुणीतरी म्हणालं. सगळे धोंडीबाबाकडं वळले. म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. "पोथी मी पुरी करतो. तू जा, ठकू. सुंदरा, आईचं लुगडं भर पिशवीत."

मुंबईत ठकूबाईच्या गालाचा आतला भाग आणि त्या बाजूच्या दाढा काढल्या. बाई बिनपगारी रजा घेऊन तिच्याजवळ राहिल्या. त्यांनी तिथल्या डॉक्टरांना भंडावून सोडलं आणि तिच्या गाठीचा काप काचेवर बघितलाच. परत आल्यावर मी विचारलं, "काय दिसलं?" तर म्हणाल्या, "दिसतात ती घरं दिसली. आत काय वाचलं जातंय ते दिसत नाही ना! तेच बघायचंय मला." आणि मग एकदम त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. त्यांनी मुंबईच्या प्रयोगशाळेतच राहायला हवं होतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

ठकूबाई वाकड्या तोंडानं पण पूर्वीसारखीच खणखणीत घरी आली. मिसरी सुटली. पुढचे दोन पावसाळे आमच्या मुलींनी तिच्याच पडवीत भाकरी खाल्ली. मुली तिच्या गालाकडं चोरून बघायच्या, तर ती म्हणायची, "बगा की नीट. चोरून काय बगता?" त्यानंतर तिच्या मानेत गाठ आली. या खेपेला डॉक्टर म्हणाले, कापण्यासारखं राहिलेलं नाही. बाई दर रविवारी जातच राहिल्या. ठकूबाई शेवटी शेवटी बोलत नसे, पण बाईंनी काही सांगितलं की भुवया उंचावून पुढचं विचारायची.

ती गेली त्याच उन्हाळ्यात माझ्या यजमानांची बदली झाली. लोणावळा सोडायच्या आधी ठकूबाईच्या दहाव्याला मी बाईंबरोबर वर गेले. बाईंना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

माणसं पांगल्यावर सुंदरा आमच्याजवळ येऊन बसली. तिच्या कडेवर आता मूल होतं. बराच वेळ ती जमिनीवर काडीनं रेघा मारत होती.

"बाई, तुमी कदी खोटं बोलत न्हाई म्हून इचारते," ती म्हणाली. "त्यो पारायनाचा घाट मीच घातला व्हता. कापनी हुस्तवर मीच थांबवलं आयेला. ती तुमच्याबरूबर निगाया तयार झालती, तुमाला ठावं न्हाई. तवाच निगाली असती, तर आज आसती का वो?"

मला उत्तर ठाऊक होतं. इतकी वर्षं मी ते दोन शब्द ऐकत आले होते, आणि या प्रश्नाला जगात दुसरं खरं उत्तर नव्हतं. बाईंनी चष्मा काढला. सुंदराकडं सरळ बघितलं.

"नसती," त्या म्हणाल्या. "तू पहिल्या दिवशी पाठवलं असतंस तरी हेच झालं असतं. ते आधीच मानेपर्यंत उतरलं होतं. मी स्वतः काचेवर बघितलंय."

सुंदरा मूल छातीशी धरून मोठ्यानं रडली. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

आम्ही उतरायला लागलो. वाडी मागं पडल्यावर मी विचारलं, "बाई, मानेचं खरंच दिसलं होतं?"

"मानेचा काप घेतलाच कुठं होता? गालाचा होता तो."

"मग?"

बाई थांबल्या. मी काहीतरी बाळबोध विचारलं की त्या जशा बघायच्या तशा माझ्याकडं बघितलं.

"उषा, त्या पोरीला अजून अख्खं आयुष्य काढायचंय," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून माझ्या पुढं भाजे गावाकडचा उतार उतरू लागल्या.